बाराबंदीचं इंजिनीअरिंग

“मुलगी आहेस ना? मग कपडेपट तुझ्याकडे!”

एफ.ई.ला असताना कलामंडळाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सेक्रेटरीने हे वाक्य टाकलं आणि विषय संपवला. लाइट्स मुलांकडे, सेट मुलांकडे, म्युझिक मुलांकडे... आणि मी मेकॅनिकलला ॲडमिशन घेऊन शेवटी सुई-दोऱ्यालाच लागले! तेव्हा जाम राग आला होता. आज बी.ई.च्या शेवटच्या सेमिस्टरला हा लेख लिहिताना कबूल करते, की मटेरियल सायन्स, शीट मेटलचं नेस्टिंग आणि सायक्रोमेट्रिक चार्ट या तीन गोष्टी मला वर्गापेक्षा ऑडिटोरियममागच्या एका कपाटाने जास्त शिकवल्या. त्या कपाटात आज आमच्या मंडळाचे स्वतःचे पेशवाईतले कपडे आहेत. भाड्याचे नाहीत, आम्ही बनवलेले. ते कसे बनवले आणि (जास्त महत्त्वाचं) ते कसे टिकवायचे, हे पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवते आहे. यात माझी एक मोठी चूकही आहे, ती मधे येईल.

त्या वर्षी आमची एकांकिका १७९२ सालच्या पुण्यातली होती. एका दफ्तरातला कारकून, त्याची बायको, एक सावकार, दोन शिपाई. कपडे भाड्याने आणले. सात जणांचे दोन दिवसांचे साडेसहा हजार रुपये, वर डिपॉझिट. गठ्ठा सोडला तर आतून काय निघालं? सॅटिनची जांभळी शेरवानी, तिला सोनेरी लेस, मागे चेन, आणि इलॅस्टिकचं रेडिमेड धोतर. कारकुनाला! महिना चार-पाच रुपये पगाराचा माणूस आमच्या स्टेजवर लग्नातल्या नवरदेवासारखा आला. त्यातून आमच्या नटाने थंडी वाजते म्हणून धोतराच्या आत ट्रॅकपँट घातली होती. निकालानंतर परीक्षक भेटले. चांगलं बोलले, पण जाता जाता म्हणाले, “तुमचा कारकून पेशवाईतला आहे, पण बसतो होस्टेलच्या कट्ट्यावर बसल्यासारखा.”

हे वाक्य डोक्यातून जाईना. मला वाटलं होतं दोष अभिनयाचा. पण नंतर लक्षात आलं, की चेन लावलेल्या घट्ट शेरवानीत आणि ट्रॅकपँटवर चढवलेल्या धोतरात कोणीही तसाच बसेल. कपडा माणसाला बसायला, उठायला, हात वर करायला शिकवतो. मग ठरवलं, पुढच्या वर्षी भाडं बंद.

पहिला प्रश्न, खरं काय होतं हे कळणार कसं? सिरियल आणि कॅलेंडर यांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं ठरलं. १७९० साली शनिवारवाड्यात पेशवे आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यांच्यात जो तह झाला, त्याचं एक मोठं चित्र आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात राहून केलेल्या अभ्यासावरून थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पूर्ण केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे आणि इंटरनेटवर झूम करून बघता येतं. मी ते इतक्या वेळा झूम केलं, की मेसवाल्या मावशी विचारायला लागल्या, “कोण गं हे, तुझ्या नात्यातले का?” भर दरबार, पण डोळ्यांत भरतो तो पांढरा रंग. दिमाख आहे तो पागोट्यांत, शेल्यांत आणि कापडाच्या तलमपणात. शिवाय राजा दिनकर केळकर संग्रहालय तर पुण्यातच! तिथे काचेतली जुनी वस्त्रं बघताना मी वेलबुट्टीकडे न बघता शिवणीकडे बघायला शिकले.

रंगांबाबत सोपा नियम. कृत्रिम रंगाची सुरुवात १८५६ साली पर्किनच्या जांभळ्यापासून झाली. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, आल, हळद असले वनस्पतींचे रंग, किंवा लाखेसारखे किड्यांपासूनचे. म्हणजे १७९२ च्या कारकुनाला तो भडक जांभळा सॅटिन कुठून मिळणार? तसंच चेन नको, सेफ्टी पिन नको (ती १८४९ ची), पॉलिएस्टर तर नकोच नको, कारण ते १९४१ चं. शिलाई मशीन घरोघरी आलं तेही १८५० नंतर. इथे मात्र आम्ही तडजोड केली. आतल्या लांब शिवणी मशीनवर, आणि प्रेक्षकाला दिसणाऱ्या कडा हाताने. पहिल्या रांगेतल्या माणसालाही दोरा दिसत नाही हे खरं, पण कड कशी पडते ते दिसतं. मशीनची कड ताठ उभी राहते, हाताची मऊ पडते.

आता मुख्य गोष्ट, कारकुनाची बाराबंदी. माझं गाव सोलापूर. तिथे जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला नंदीध्वज निघतात आणि सोबतची माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. म्हणजे जो कपडा मी लंडनच्या चित्रात शोधत होते, त्याचा सख्खा नातेवाईक माझ्या मामाच्या कपाटात होता! संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेले, मामाची बाराबंदी जमिनीवर पसरली आणि मेझरिंग टेप घेऊन बसले. मामा म्हणाला, “अगं, इंजिनीअरिंगला घातलंय तुला, का टेलरिंगला?”

तर मंडळी, त्या कपड्यात जे दिसलं ते सांगते. शर्टासारखा गोल कापलेला मुंढा नाही. सगळे तुकडे आयत नाहीतर तिरके काप. याचं कारण मागावर आहे. हातमागाचं कापड अरुंद, आणि ते विणायला लागलेले श्रम मोठे, त्यामुळे चिंधी वाया घालवणं परवडत नव्हतं. एका आयताला तिरका छेद दिला की एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असे दोन तुकडे मिळतात. एक उलटा करून दुसऱ्याशेजारी ठेवला की पुन्हा आयत. या तुकड्यांना कळ्या म्हणतात. त्या जोडल्या की वर बेताचा आणि खाली घेरदार असा अंगरखा तयार, आणि वाया गेलं किती? जवळजवळ शून्य. वर्कशॉपमध्ये पत्र्यावर टेम्प्लेट मांडून स्क्रॅप कमी करायला आपल्याला शिकवतात ना, तेच!

दुसरी गंमत बगलेत. बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे एक छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असतो. वरवर बघितलं तर कळतही नाही. पण तो काढून टाका आणि हात वर करा, अख्खा कपडा वर येतो आणि बगलेतली शिवण उसवते. तो तुकडा हात वर गेला की उघडतो, खाली आला की मिटतो. ज्यांनी एस.ओ.एम.मध्ये स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन शिकलंय त्यांनी समजून घ्यावं, की चार शिवणी एका बिंदूत भेटल्या की तिथूनच फाटणार. त्या बिंदूचा ताण पसरवायला कुणी तरी कित्येक पिढ्यांपूर्वी हा चौकोन घातला.

आणि तिसरी गोष्ट बंद. नावाप्रमाणे बारा, म्हणजे सहा जोड्या. समोरचे दोन्ही पाट एकावर एक चांगले रुंद येतात आणि बंदांनी बांधले जातात. याचा फायदा मला शिवून झाल्यावर कळला. एकच बाराबंदी ३६ छातीच्या पोराला आणि ४२ छातीच्या पोराला, दोघांनाही बसते! पाट कमी-जास्त सरकतो, एवढंच. धोतर, उपरणं, लुगडं, पागोटं यांना तर मापच नाही. खणाच्या चोळीलाही पुढे गाठ. म्हणजे हा सगळा कपडेपट दर वर्षी बदलणाऱ्या नटांसाठीच केल्यासारखा आहे. भाड्याच्या शेरवानीला दर वर्षी टाके घालावे लागायचे आणि काढावे लागायचे.

कापड घ्यायला मी आणि रूम पार्टनर गेलो. दुकानदार “प्युअर कॉटन आहे ताई” म्हणतो, पण आपण कोण? भावी इंजिनीअर! कडेचे चार धागे काढायचे आणि बाहेर येऊन काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. पहिल्या दुकानातल्या ‘प्युअर कॉटन’चा छान काळा मणी झाला. दुसऱ्या दुकानदाराने आम्हाला काडेपेटीसकट हाकललं. तिसरीकडे साधा मांजरपाट मिळाला, पन्हा ३६ इंच.

हा मांजरपाट आणल्या आणल्या कापू नका. आधी एक रात्र पाण्यात भिजवा, खळ काढा, वाळवा. मी एक मीटरची खूण करून मोजलं, ताण्याच्या दिशेने साडेचार सेंटिमीटर कमी भरलं. हे शिवून झाल्यावर झालं असतं तर कारकुनाच्या मनगटाच्या वर बाही! शिवायच्या आधी जुन्या चादरीची एक कच्ची बाराबंदी करून बघितली. होस्टेलजवळच्या टेलर मास्तरांनी ती चादर उलटीपालटी केली, बगलेतल्या चौकोनाशी थांबले आणि म्हणाले, “हे कुणी शिकवलं? आमचे वडील घालायचे असं. आता कोण मागतं?” त्यानंतर त्यांनी मशीनचे पैसे घेतले, पण सल्ल्याचे घेतले नाहीत.

धोतरासाठी आमच्या कारकुनाला महिनाभर आधी धोतर दिलं. पहिल्या आठवड्यात जिन्यावर दोनदा पडला. तिसऱ्या आठवड्यात आपोआप सोगा हातात धरून जिना चढायला लागला, बसताना आधी काष्टा सावरायला लागला. हे दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं! एकच भांडण झालं, बंद बांधायला वेळ लागतो म्हणून नटाला वेल्क्रो हवा होता. दोन प्रवेशांमध्ये ५० सेकंद. मी म्हटलं, स्टेजवर सावकाराने गचांडी धरली आणि ‘चर्रर्र’ असा आवाज आला तर? शेवटी आतल्या दोन जोड्यांना हुक लावले, बाहेरच्या चार खऱ्या ठेवल्या. ते हुक मला अजून खुपतात, पण वेळेत आला पठ्ठ्या.

आता पायाकडे. चित्रात पादत्राणं शोधून शोधून थकले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दरबार बैठकीचा, जोडे दाराबाहेर! चित्रात दिसतील कसे? पण आमच्या नाटकात कारकून रस्त्यावर येतो. अनवाणी पाठवावा तर सावकार काय घालणार? सावकाराला पुढे वळलेल्या चोचीचा जोडा केला. अशा जुन्या पद्धतीच्या जोड्यांत डावा-उजवा भेद नसतो, पायात घालून घालून तो पडतो. म्हणून तालमीत दोन्हींवर पेनने आत खूण करून ठेवली, नाहीतर रोज नव्याने चावणार.

कारकून आणि शिपायांसाठी कोल्हापुरी. रूम पार्टनर कोल्हापूरचीच, तिच्या ओळखीच्या एका कारागीर काकांकडे गेलो. कोल्हापुरीला २०१९ साली जीआय मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. आणि २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्यावर जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीतच आहे. काकांना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “त्यांनी घेतलं तर घेऊ दे की. पर शिकायला पोरं येतात का हितं?” आणि पुन्हा आरी हातात घेतली.

खऱ्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तळ म्हशीच्या कातड्याचा, वरची वेणी नाजूक कातड्याची, आणि शिवण कातड्याच्याच वादीची. खिळा नाही. स्टेजच्या लाकडी फळीवर ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण खिळ्याची स्वस्त चप्पल टकटक वाजते. करकरणारी मात्र घेऊ नका! आम्ही हौसेने एक घेतली, तर शिपाई विंगेतून निघण्याआधीच प्रेक्षकांना तो येतोय हे कळायचं. १८०० रुपयांना एक जोडी, अशा तीन, ७, ८ आणि ९ नंबरच्या. कपड्यांना माप नसलं तरी पायाला असतं, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर कपड्यांत वाचवा, चपलांत नको. निघताना काका म्हणाले, “पोरी, एक ध्यानात ठेव. पायताण पाण्यात घालायचं न्हाई, आन् उन्हात वाळवायचं न्हाई.”

नाटक छान झालं. बक्षीस वेशभूषेचं नाही मिळालं (ते दुसऱ्या कॉलेजच्या मावळ्यांना गेलं, ज्यांच्या डोक्यावर १९व्या शतकातली पुणेरी पगडी होती, असो!). पण तेच परीक्षक आले होते आणि आमचा कारकून खाली बसला तेव्हा त्यांनी मान डोलावली, हे मी विंगेतून बघितलं.

इथवरचं सगळं सांगायला मजा येते. आता पुढचं.

कारकुनाच्या बायकोसाठी मी माझ्या आजीचं लुगडं आणलं होतं. तिच्या लग्नातलं, हिरवं, रेशमी, नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर, खऱ्या जरीचं. आजीने दोन दिवस विचार करून दिलं होतं. प्रयोग झाला, परीक्षा आल्या, सबमिशन आलं. मी काय केलं? ते लुगडं धुतलेल्या बाराबंदीसोबत नीट घडी केलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आत सहा डांबरगोळ्या टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि चपलांसकट सगळं लोखंडी ट्रंकेत भरून जिन्याखालच्या खोलीत ठेवलं. आणि सुट्टीत घरी गेले. मनात म्हटलं, किती व्यवस्थित आहे मी!

ऑगस्टमध्ये ट्रंक उघडली. आधी वास आला. चपलांवर हिरवट पांढरी बुरशी. ट्रंकेच्या गंजलेल्या कडेला टेकलेल्या जोडीवर निळे-काळे डाग. बाराबंदीच्या गळ्याशी पिवळी रेघ. आणि लुगड्याचा पदर काळपट. सोनेरी जर जिथे घडीच्या आत होती तिथे बरी, बाहेरच्या घडीवर जुन्या तांब्याच्या पैशासारखी.

मी रडले वगैरे, ते सोडा. नंतर एकेकाचं कारण शोधत बसले, कारण दुसरं काय करणार?

कातड्यावरचे डाग सर्वांत सोपे निघाले. बाभळी-हिरड्यात टॅनिन असतं. टॅनिन, ओल आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच रसायनाने करायचे! म्हणजे माझ्या ट्रंकेने चपलांवर शाई ओतली होती. वनस्पतीत कमावलेलं कातडं लोखंडाला टेकवू नये, बास.

बाराबंदीची पिवळी रेघ म्हणजे घाम आणि मेकअप. मी गळा चोळून धुतला नव्हता. आता नियम केला, आत सुती बंडी घातल्याशिवाय कुणाला बाराबंदी मिळणार नाही, आणि प्रयोगानंतर त्याच रात्री गळा आणि मनगटं धुवायची. खळ असलेला कपडा तसाच ठेवायचा नाही, खळीवर कसर येते आणि बुरशीही. खळ प्रयोगाच्या आदल्या दिवशी घाला.

बुरशीसाठी मी रेफ्रिजरेशनच्या लॅबमधून स्लिंग सायक्रोमीटर मागून घेतला. लॅब असिस्टंट काकांना वाटलं प्रॅक्टिकल राहिलंय. जिन्याखालच्या खोलीत तो गरगर फिरवला. कोरडा बल्ब २६ अंश, ओला साडेचोवीस. चार्टवर बघितलं, सापेक्ष आर्द्रता ८८ टक्के! साधारण ६५-७०च्या वर बुरशीला रान मोकळं असतं. मग त्याच चार्टवर आडवी रेघ मारली. हवेतलं पाणी तेवढंच ठेवून तापमान ३१-३२ अंशांवर नेलं तर आर्द्रता ६२ ते ६६. म्हणजे पाणी काढायला मशीन नको, पाच-सहा अंश ऊब पुरे. पूर्वी लोक कपाटात बल्ब लावायचे ते काही खुळे नव्हते! ट्रंक भंगारात गेली, एक जुनं लाकडी कपाट मिळवलं, तळाशी जाळीच्या पिंजऱ्यात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावला. (एलईडी चालत नाही, त्याला पुरेशी ऊबच नाही.) कपडा बल्बपासून लांब, आणि बल्ब चालू असताना कुणीतरी ऑडिटोरियममध्ये हजर पाहिजे, ही अट आहे. पावसाळ्यात तालमीच्या वेळी रोज तीन-चार तास. केमिस्ट्री लॅबमधून निळं सिलिका जेलही आणलं. गुलाबी झालं की पाणी पिऊन तट्ट झालं समजायचं. मग ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा निळं करायचं.

राहिलं लुगडं. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी आणि वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. मुलाम्याला घडीवर भेगा पडतात, आतली चांदी उघडी पडते आणि हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन काळी पडते. आता डांबरगोळीत गंधक असतं का? शुद्ध नॅप्थलीनमध्ये नसतं. पण कोळशाच्या डांबरापासून काढलेल्यात गंधकाची संयुगं अशुद्धी म्हणून येऊ शकतात, आणि मी तर सहा गोळ्यांची वाफ आणि कपड्यांतली ओल एका गाठ मारलेल्या पिशवीत कोंडली होती. बंद भांड्यात रिॲक्शन करायची म्हटलं असतं तरी याहून चांगली मांडणी केली नसती.

मग मोह झाला. ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, यात काळी चांदी पुन्हा चकचकीत होते, हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. पदराच्या टोकाचा एक सुटा धागा घेतला आणि करून बघितला. काळपटपणा गेला खरा! पण सोनेरी नव्हे, फिकट पांढरट रंग आला, आणि आतलं रेशीम लिबलिबीत झालं. रेशीम म्हणजे प्रथिन, त्याला अल्कली सोसत नाही. चांदी वाचवायला गेले असते तर पदरच हातात आला असता. तो धागा मी अजून जर्नलच्या पानात चिकटवून ठेवलाय.

शेवटी लुगडं तसंच घेऊन सोलापूरला गेले. आजीने खिडकीपाशी पदर उलगडला, बोट फिरवलं.

“प्लॅस्टिकमधे ठेवलंस?”

“हो.”

“गोळ्या घातल्यास?”

“हो.”

“मला एकदा विचारायचं होतंस गं.”

त्या सुट्टीत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. जायच्या आदल्या दिवशी मात्र मला समोर बसवून दाखवलं. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या धोतरात लुगडं कसं गुंडाळायचं, जर आतल्या बाजूला कशी ठेवायची, वेखंडाची पुरचुंडी कपड्याला न लावता कोपऱ्यात कशी ठेवायची. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेघेवर रेशीम तुटतं. ऊन दाखवायचं नाही, फक्त सावलीतला वारा. तिने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मी लॅबमध्ये आठ दिवस घालवून शोधलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. लुगडं तिने परत ठेवून घेतलं आणि पुन्हा दिलं नाही. मी मागितलंही नाही. सुट्टीत गेले की घडी मात्र मीच बदलते.

आता कारकुनाच्या बायकोला सुती इरकली लुगडं आणि खणाची चोळी आहे. खरं तर कारकुनाच्या घरात रोजच्या रोज रेशमी लुगडं नव्हतंच शोभत, हे मला आधीच कळायला हवं होतं.

दोन वर्षांत सगळं मिळून साधारण २१ हजार रुपये लागले. भाड्याच्या हिशोबात सव्वातीन स्पर्धा. जनरल सेक्रेटरी साहेबांनी दर वर्षी बजेट मागताना हा आकडा पुढे करावा, माझ्याही वेळी यानेच काम झालं होतं.

कपाटाची किल्ली एस.ई. सिव्हिलच्या दोघांकडे दिली आहे, त्यातला एक मुलगा आहे. कपाटाच्या दाराला आतून रजिस्टर लटकवलंय. कुठला कपडा कोणी घातला, कधी धुतला, कधी घडी बदलली, सगळं लिहा. चपलांना वापरायच्या आधी एरंडेलाचा हलका हात लावा, बुरशी दिसली तर खोलीबाहेर नेऊनच पुसा. आणि ७ नंबरच्या जोडीचा अंगठा सैल झाला आहे, स्पर्धेआधी वादीनेच शिवून घ्या, खिळा ठोकू देऊ नका.